मेजरचं उरलेलं शिक्षण

युद्धावरून परत आलेल्या माणसाला निदान महिनाभर तरी कोणी काही विचारायचं नाही, असा आईचा हुकूम होता. बाबांनी तो पाळला. म्हणजे तोंडाने त्यांनी काही विचारलं नाही; गुपचूप चष्म्याच्या दुकानासाठी नवी पाटी तेवढी करायला टाकली.

जुन्या पाटीवर त्यांच्या नावापुढे ‘आणि चिरंजीव’ असं होतं. हे चिरंजीव म्हणजे दादा. आता मधला मुलगा मेजरही दुकानात येणार, तेव्हा पाटीवर चिरंजिवांचं अनेकवचन हवं, असं बाबांचं म्हणणं. पाटी रंगवणाऱ्याने डोकं खाजवलं. “चिरंजीवचं अनेकवचन चिरंजीवच होतं की. आहे तीच पाटी चालेल.”

“चालेल कशी?” बाबा उखडले. “मुलगा युद्धातून धडधाकट परत आला आणि पाटीवर अक्षराचासुद्धा फरक नको?”

शेवटी ‘आणि दोन्ही चिरंजीव’ असं ठरलं. रंगारी म्हणाला, रविवारी दुपारी घेऊन येतो.

मेजरला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मेजर हे त्याचं फौजेतलं पद नव्हे. फौजेत तो टेलिफोनच्या तारा ओढणाऱ्या तुकडीत होता, आणि तिथली पदं वरून मोजायला घेतली असती तर त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर दिवस मावळला असता. पण तो गेला त्याच आठवड्यात बाबांनी गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली, “आमचा मधला फौजेत मेजर आहे.” चष्मा करायला आलेल्या माणसाला समोरचं नीट दिसत नसतंच, तो बिचारा ऐकलेल्यावर विश्वास ठेवतो. हळूहळू सगळी गल्ली त्याला मेजर म्हणू लागली, आणि तो परत आला तेव्हा दार उघडताना आईच्याही तोंडून निघालं, “अगं बाई, मेजर!”

मेजरच्या मनात मात्र दुकान नव्हतं. फौजेत जाताना तो विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होता. विषय भूगर्भशास्त्र, म्हणजे बाबांच्या भाषेत ‘दगडधोंडे’. खंदकात सगळे डोकं खाली घालून बसत, तसा तोही बसे. पण नाकासमोर मातीची उभी भिंत असे आणि त्याची नजर तिच्यावर फिरत राही. वर तांबडी माती, खाली वाळू, त्याखाली गुळगुळीत गोटे. म्हणजे इथून कधीकाळी नदी गेली होती. ती आली कुठून आणि गेली कुठे, हे कळल्याशिवाय आपण मरायचं नाही, असं त्याने ठरवून टाकलं होतं. वर काय चाललंय ते विसरायला एवढं पुरत असे.

शुक्रवारी तो कोणाला न सांगता विद्यापीठात जाऊन आला. विभागाचे वृद्ध प्रमुख त्याला पाहून उठून उभे राहिले. युद्धावरून आलेल्यांनी जिथे सोडलं तिथून पुढे सुरू करावं असा नियम झाला होता. “सोमवारी प्रात्यक्षिकाला या,” ते म्हणाले. “दगड ओळखायचे असतात. बाई घेतात. जरा कडक आहेत, सांभाळा.”

मेजर तोफांमधून आलेला माणूस. बाईंचं त्याला काय वाटणार?

रविवारी सगळे वरच्या लांब खोलीत जेवायला बसले. खालचं दुकान आखूड, म्हणून डोळे तपासायचं काम वर याच खोलीत चाले. एका टोकाला जेवणाचं टेबल आणि दुसऱ्या टोकाच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वर मोठी अक्षरं, खाली मुंगीएवढी. टेबलाच्या अगदी टोकाला आत्या, बाबांची मोठी बहीण. चष्मेवाल्याच्या घरात राहून चष्मा न लावण्याचा तिला विलक्षण अभिमान होता. जेवायला बसली की ती आधी तक्त्याची शेवटची ओळ खणखणीत वाचून दाखवी आणि मगच घास उचली.

“हं,” आत्याची ओळ वाचून झाल्यावर बाबांनी घसा खाकरला. “मला एक सांगायचंय.”

“मलाही,” मेजर म्हणाला.

“मोठ्यांचं आधी. तर, बाजारापलीकडची जागा मी घेतली आहे. तिथे आपलं दुसरं दुकान. आणि ते सांभाळणार आपला मेजर!” बाबांनी टाळ्यांसाठी जागा सोडली. कोणी वाजवल्या नाहीत. “आता तुझं काय ते बोल.”

“मी उद्यापासून विद्यापीठात जातोय,” मेजर म्हणाला. “राहिलेलं शिक्षण पुरं करायला.”

आई भाजी वाढत होती. तिची पळी वाटीवर न जाता टेबलावर गेली. बाबांनी आईकडे पाहिलं, दादाने वहिनीकडे आणि मग सगळ्यांनी मिळून धाकटीकडे. धाकटी, म्हणजे मेजरची बहीण, मिठाच्या डबीत एवढी खोल बघत होती की जणू ती आत पडली होती.

सगळ्यात आधी सावरला दादा. “उत्तम!” तो म्हणाला. “फार छान. ज्ञानासारखं दुसरं काही नाही बघ.”

दादाने ज्ञानाबद्दल चांगलं बोलल्याचं घरात कोणाला आठवत नव्हतं. पण पाटीवर आजवर तो एकटाच होता आणि नव्या दुकानावर त्याचा केव्हापासून डोळा होता.

“मग नवं दुकान कोण बघणार?” वहिनीने विचारलं.

“मी बघेन.”

“आणि हे?”

“हेही मीच.”

“म्हणजे मी,” वहिनी म्हणाली. “तुम्ही मागे काचा घासत बसणार आणि पुढे गिऱ्हाइकांपुढे मी उभी. इतकी वर्षं तेच चाललंय. त्यापेक्षा नवं दुकान सरळ माझ्याच हवाली करा ना.”

दादाच्या चेहऱ्यावरचं ज्ञानप्रेम बघता बघता उतरलं. “मेजर,” तो गंभीरपणे म्हणाला, “शिक्षणाचं एक वय असतं रे. ते गेलं की गेलं.”

“काही जात नाही!” वहिनी कडाडली. “भावजी, तुम्ही खुशाल शिका. अगदी डोक्यावरचे केस जाईपर्यंत शिका. दुकानाची काळजी करू नका.”

“केस जाईपर्यंत?” आत्या म्हणाली. “मग त्याला मुलगी कोण देणार? शिकणारा नवरा म्हणजे रिकामं पातेलं. आवाज मोठा आणि आत काही नाही. आधी लग्न उरका, मग काय दगड फोडायचे ते फोड.”

“अरे, दगडच शिकायचे तर काच शीक!” बाबांना एकदम युक्ती सुचली. “काच म्हणजे तरी काय? वितळवलेली वाळूच ना? म्हणजे दगडच तो. फक्त आरपार दिसतं, एवढाच काय तो फरक.”

मेजरला गंमत वाटत होती. ही सगळी माणसं त्याला अशीच हवी होती. एकमेकांच्या अंगावर धावून जाणारी आणि मधेच “भाजी दे जरा” म्हणणारी. तो धाकटीकडे वळला. “तू का गप्प? तू तर तिथेच कामाला आहेस. कार्यालयात आहेस ना? मग तुला ठाऊक असेल. प्रात्यक्षिकं घेणाऱ्या त्या बाई कोण? फार कडक आहेत म्हणे.”

आत्याने घाईघाईने पुन्हा शेवटची ओळ वाचायला घेतली.

“मी कार्यालयात नाही, भाऊ,” धाकटी म्हणाली. “ती बाई मीच.”

मेजर मोठ्याने हसला. मग आपण एकटेच हसतोय हे त्याच्या ध्यानात आलं.

“आणि मी कडक नाही.”

“आहेस,” दादा म्हणाला.

“तू गेलास तेव्हा तुझी पुस्तकं तशीच पडून होती,” धाकटी भराभरा बोलू लागली. “आधी नुसती धूळ झटकायला उघडली. मग एकेक पान वाचत गेले. मग नावच घातलं. पुढे शिकवणारे सगळे फौजेत गेले, तेव्हा सर म्हणाले, आता तूच वर्ग घे.”

ही तीच धाकटी, जिची गणितं तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून सोडवून देत असे आणि जी ती उतरवून घेतानाही चुका करत असे. मेजरने सगळ्यांकडे पाळीपाळीने पाहिलं. “आणि मला हे कोणीच कळवलं नाही?”

“तिकडे गोळ्या चालल्यात,” आई म्हणाली, “आणि इकडून काय सांगायचं, की बाबा रे, तुझ्या जागेवर धाकटी बसली?”

“म्हणून तर दुकान!” बाबांनी टेबलावर हात आपटला. “तुझा मान राहावा म्हणून! आपल्या धाकट्या बहिणीपुढे बाकावर बसणार? एक मेजर?”

“बाबा, मी मेजर नाहीये.”

“ते आता सगळ्या गल्लीला सांगून झालंय,” बाबा म्हणाले. “आता माघार नाही.”

मेजर ताट उचलून आत गेला. आई त्याच्या मागोमाग आली. तिने नळ उगाचच सोडला, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये.

“मान, पाटी, ते सगळं त्यांचं,” ती म्हणाली. “माझं वेगळं आहे. तू रोज सकाळी गॅलरीत पुस्तक घेऊन बसतोस. मी कपडे वाळत घालते, झाडून काढते, परत येऊन बघते. पान तेच.”

मेजर ताट घासू लागला. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं.

“मला कळतं रे. तू तिथे गेलास आणि जमलं नाही तर? एवढी वर्षं त्या एकाच गोष्टीवर काढलीस. ती तुटली तर तू काय करशील, ही भीती आहे मला. दुकानात तसं नाही. तिथे लोक वाचतात, आपण काचा बदलायच्या.”

“तार जोडायची आणि पुढे सरकायचं, असं काम होतं आमचं,” तो ताटाकडे बघत म्हणाला. “पण पुढे गेलं की वाटायचं, मागचा जोड धरलाय ना? एकदा मी बघायला मागे गेलो नाही. तो जोड सुटला होता. पलीकडच्यांना निरोप पोचलाच नाही.” त्याने ताट पालथं ठेवलं. “तेव्हापासून एक वाक्य वाचलं, दुसऱ्यावर गेलो, की पहिलं अजून आहे ना ते बघायला मागे यावं लागतं. असं करत करत पान उलटतच नाही, आई.”

आईने नळ बंद केला. तेव्हा कळलं की दारात धाकटी उभी आहे. तिने सगळं ऐकलं होतं. ती तरातरा गेली आणि आपली कॅनव्हासची पिशवी घेऊन टेबलाशी आली.

“भाऊ, बाहेर ये,” तिने हाक मारली. “प्रात्यक्षिकाला वाचावं लागत नाही.” आणि तिने पिशवी सरळ टेबलावर ओतली. वाट्या, पेले आणि उरलेल्या भाजीच्या मधे धडाधड दगड पडले.

“जेवणात दगड!” बाबा ओरडले.

“डोळा, हात आणि जीभ, एवढं पुरतं,” धाकटी म्हणाली.

“जीभ?” आईने घाबरून विचारलं.

मेजरने टेबलावरून एक मळकट पांढरा तुकडा उचलला, हातात तोलला आणि सगळ्या घरादेखत चाटला. तो जिभेला चिकटून बसला. “चिकणमाटी,” तो जीभ सोडवत म्हणाला.

“चिकणमाती,” धाकटीने सुधारलं. “बरोबर. हा?”

“इकडे आण तो,” बाबांना राहवेना. त्यांनी खिशातलं भिंग डोळ्याला लावलं, तुकडा उजेडात धरला आणि निकाल दिला, “काच!”

“जवळजवळ बरोबर. गारगोटी.”

“जवळजवळ बरोबर!” बाबांनी दादाकडे विजयी मुद्रेने पाहिलं. “ऐकलंस? न शिकता!” आणि लगेच त्यांनी दुसरा दगड पुढे ओढला. आता दादाही वाकला. बापलेकांत एका काळ्या तुकड्यावरून जुंपली. “मी आधी चाटतो!” असं वाक्य त्या घरात प्रथमच ऐकू आलं.

या गडबडीत आत्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. तिने चहाचा पेला पुढे घेतला, साखरेचा खडा उचलून तोंडात टाकला, दोनदा चघळला आणि किंचाळली.

“मीठ! साखरेत मीठ घातलंय कोणीतरी!”

“आत्या, ते खाणीतलं मीठ आहे,” धाकटी धावली. “माझा नमुना! थुंका!”

“ताई,” बाबा हळूच म्हणाले, “तुला चष्मा लागलाय.”

“मला? शेवटची ओळ वाचते मी रोज!”

“तो तक्ता मी मंगळवारीच बदललाय, आत्या,” वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात विजय नव्हता. गिऱ्हाइकाशी बोलतानाची समजूत होती. “तुम्ही जुनीच ओळ म्हणताय. मी वाट बघत होते, तुम्ही आपणहून विचाराल म्हणून. चष्म्याचं असंच असतं, घाई करून चालत नाही. बसा बघू इथे.” तिने आत्याची खुर्ची फिरवली, एकामागून एक काचा लावून बघितल्या, आणि जरा वेळाने आत्या चक्क नवी ओळ वाचू लागली. वाचून झाल्यावर तिने काचांतून बाबांकडे पाहिलं आणि म्हणाली, “अरे, तू किती म्हातारा झालास!”

दादा बायकोकडे बघतच राहिला. बाबाही. इतकी वर्षं काचा ते दोघे घासत होते, पण लोकांच्या नाकावर त्या बसवत होती कोण, हे त्यांना आत्ता कळत होतं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. रंगारी पाटी घेऊन आला होता. सगळ्यांनी ‘आणि दोन्ही चिरंजीव’ वाचलं.

“पुसता येईल?” बाबांनी विचारलं.

“वाटलंच होतं,” रंगारी म्हणाला. “काय करू?”

बाबांनी सुनेकडे पाहिलं, दगड गोळा करणाऱ्या मुलीकडे पाहिलं, मग मेजरकडे. तो अजून हातातल्या पांढऱ्या तुकड्यावर बोट फिरवत होता. “‘आणि मंडळी’ लिही,” ते म्हणाले.

“मंडळी म्हणजे बायको!” दादाने हरकत घेतली.

“तेच म्हणायचंय मला,” बाबा म्हणाले. “तुझी.”

सोमवारी मेजर सगळ्यांच्या आधी प्रयोगशाळेत जाऊन मागच्या बाकावर बसला. हळूहळू बाकीचे आले. त्याच्यापेक्षा कितीतरी लहान मुलं-मुली. त्यांनी त्याला कोणी अधिकारी समजून वाट सोडली. धाकटी आत आली तेव्हा मेजरचे पाय आपोआप जुळले आणि तो ताठ उभा राहिला. त्याला पाहून सगळा वर्ग उभा राहिला. असं आजवर कधी झालं नव्हतं; धाकटीच्या हातातला खडू खाली पडला.

“बसा,” ती म्हणाली. खडू उचलताना तो तिच्या बोटांतून पुन्हा निसटला. मेजरला एकदम कळलं की आपल्यापेक्षा तीच जास्त घाबरली आहे. मग त्याने ठरवलं, आज या बाईंना त्रास द्यायचा नाही.

प्रत्येकापुढे लाकडी ताटल्यांत दगड आले. पहिला उचलताच मेजर मनात हसला. करडा, खरखरीत, थरांचा. असले थर त्याने दिवसच्या दिवस नाकासमोर पाहिले होते. धाकटी बाकाशी आली तेव्हा तो खणखणीत आवाजात म्हणाला, “वाळूचा दगड.”

“चूक,” ती म्हणाली. “पुन्हा बघा.”

मेजरने दगड मुठीत घट्ट धरला. चूक. तो थांबला. कानांनी वाट बघत राहिला. कशाची, ते त्याला सांगता आलं नसतं. कोणी धावत बाहेर गेलं नाही, कोणी ओरडलं नाही. शेजारच्या मुलीने पेन्सिलीचं टोक चावत म्हटलं, “मलापण वाळूचाच वाटला होता,” आणि त्याच्या हातातून तो दगड काढून घेतला. पुढच्या बाकावर कोणीतरी जांभई दिली.

“ज्वालामुखीची राख आहे,” धाकटी हलकेच म्हणाली. “थर थर बसून घट्ट झालेली. दिसते वाळूसारखी. मीही चुकले होते पहिल्यांदा.”

म्हणजे त्याच्या खंदकाच्या जागी कधी नदी वाहिली होती, तसाच इथे कधी डोंगर पेटला होता. मेजरने मान हलवली. दगड त्या मुलीकडे होता. तो मागून घ्यावा, पुन्हा बघावा, खात्री करावी, असं त्याला वाटलं. हात पुढेही गेला. मग तो वळला आणि ताटलीतल्या दुसऱ्या दगडावर पडला.

इतक्यात खिडकीच्या काचेवर टकटक झाली. बाहेर आई उभी होती; अगदी इथूनच चालले होते असा चेहरा करून. तिच्या मागे जरा अंतरावर बाबा एका झाडाकडे भिंगातून बघत होते.

धाकटीने खिडकी उघडली. “वर्ग चालू आहे. घरच्यांना येता येत नाही.”

“मी कुठे आत येतेय?” आई कुजबुजली. “नुसतं विचारतेय. कसं चाललंय त्याचं?”

“पहिला चुकला.”

“अगं बाई. मग?”

धाकटीने वळून पाहिलं. मागच्या बाकावर मेजर खाली वाकला होता. त्याने खिडकीचा आवाज ऐकला होता, आईचाही ऐकला होता, पण मान वर केली नाही.

“मग दुसरा घेतला,” ती म्हणाली, आणि तिने खिडकी लावून घेतली.